काट्यावर चढलेलं सागवान

आमच्या ह्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. चांगलं लाकूड घनफुटात मोजतात, किलोवर विकतात ते जळण. वखारीत कुणी सागाचं वजन विचारलं की हे त्या माणसाकडे पाठ फिरवतात आणि वखारवाल्याला म्हणतात, ‘आधी ह्यांना सरपण द्या, मी थांबतो.’

उभं आयुष्य ह्यांनी सुतारकामात घातलं. आमच्या शहरातल्या निम्म्या घरांत ह्यांची कपाटं उभी आहेत आणि त्यातलं एकही आजवर कुणी तोललेलं नाही. कशाला तोलेल? कपाट एकदा भिंतीला लागलं की लागलं. घरात सून येते, म्हातारी माणसं जातात, भावाभावांत वाटण्या होतात, कपाट आपलं जागच्या जागी. अशा माणसाला आमच्या मुलीनं चाकांवरचं घर बांधायला सांगितलं.

मुलीला घरात सगळे ठकी म्हणतात. ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. सुताराच्या पोरीला लाडानं दुसरं काय म्हणणार? नावापुरतीच बाहुली हो. ही बया ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या माणसानं कधी कुणाला धक्का लावला असं मी ऐकलेलं नाही. मोठमोठे अंगानं आडवे पुरुष तिच्या शेजारी बसून घाम पुसत गिअर टाकायचे. पण घरात ह्याचं कौतुक शून्य. ‘बसल्या जागी चाक फिरवायचं, त्याला काम म्हणतात होय?’ हे म्हणायचे. ह्यांच्या लेखी काम म्हणजे ज्यातून भुसा पडतो ते. ठकी लहानपणापासून ते ऐकून हसायची. अलीकडे मात्र तिचं हसणं आखडत चाललं होतं, आणि ते मला दिसत होतं.

मग तिनं एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस घेतली, इंजिन बदललं आणि नोकरी सोडली. समुद्रकाठी एक बंगलेवाल्या बाई आहेत, पाहुण्यांना खोल्या देतात. त्यांच्याशी तिचं बोलणं झालं होतं. पाहुण्यांना डोंगरावरच्या स्टेशनातून घ्यायचं, चहाचे मळे दाखवत, वाटेतल्या गावांत मुक्काम करत, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं बंगल्यापर्यंत आणायचं. झोपणं, जेवणं, सगळं गाडीतच. बाईंचं म्हणणं सरळ होतं: हंगाम सुरू व्हायच्या आत गाडी दारात आणून दाखव. पसंत पडली तर हंगामभर काम तुझं, नाहीतर दुसरा गाडीवाला तयारच आहे. इकडे ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी ठकीच्या जागी नवीन बाई घेतलीसुद्धा. म्हणजे परतीचे दोर कापलेले.

तिनं प्लायवूड आणून वर्कशॉपमध्ये टाकलं आणि म्हणाली, “बाबा, हलकं करा हं.”

“करतो की,” हे म्हणाले.

चार दिवसांनी ते प्लायवूड शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागलं होतं आणि बसमध्ये साग चढत होता. मी विचारलं तर म्हणाले, “प्लायवूड म्हणजे चिकटवलेला कागद. माझ्या पोरीच्या गाडीत मी कागद लावू?” आता ह्यावर काय बोलणार? ह्यांना माया अशी तोंडानं कधी दाखवता आली नाही. ती जाड फळीतूनच बाहेर पडते.

पण काम काय झालं होतं म्हणून सांगू! एका अंगाला मोठा पलंग, त्याच्या पोटात खण. दुसऱ्या अंगाला उभं कपाट, ओट्याखाली भांड्यांचे कप्पे, एक घडीचं टेबल, एक बाक. आणि सगळ्यात मिळून एक खिळा नाही. एका फळीला खाच पाडायची, दुसरीला जीभ काढायची, आणि दोन्ही अशा बसवायच्या की मध्ये सुई जाणार नाही. गोंदसुद्धा लावत नाहीत हे. म्हणतात, गोंद लागला म्हणजे माप चुकलं. पॉलिश माझं. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्या प्रत्येक कामाला पॉलिश मीच करते, आणि ते मी केलं की लाकडात तोंड दिसतं. हे मी सांगते म्हणून नव्हे, लोक सांगतात. लोक नसतील तेव्हा मी सांगते.

ठकीनं दार उघडून आत पाहिलं. पलंगाच्या कडेवरून तळवा फिरवला, खण उघडला, लावला, परत उघडला. डोळे भरून आले पोरीचे. मग हळूच म्हणाली, “जड नाही ना झालं, बाबा?”

“छे! फूल आहे फूल.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या वेळी ह्यांच्या तोंडावरचं तेज बघून मीही विचारलं नसतं.

निघताना आम्ही दोघंही गाडीत. मी समुद्र बघायला, हे कपाट बघायला. मी पुढे ठकीशेजारी बसले आणि हे मागे पलंगावर, कपाटाच्या दाराला हात लावून. प्रत्येक वळणावर मागून आवाज यायचा, “सावकाश! दार उघडेल!” दार काही उघडलं नाही. ह्यांची दारं आपण उघडल्याशिवाय उघडत नाहीत.

सपाटीवर सगळं ठीक चाललं होतं. मग चढ लागला. दोन्ही बाजूंना हिरवं नुसतं अंगावर येत होतं. माणसापेक्षा उंच नेचे, झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, आणि वर वर जावं तसे डोंगरभर कंगव्यानं विंचरल्यासारखे चहाचे मळे. मध्येच ढग रस्त्यावर उतरायचा आणि काचेवर पाणी जमायचं. मला वाटत होतं, असं रोज बघायला मिळतंय तर ही नोकरी मलाच द्या. पण गाडी काही बोलत होती आणि ठकी ते ऐकत होती. तिनं एक गिअर खाली टाकला, मग आणखी एक. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जायला लागल्या. ट्रक गेला, ट्रॅक्टर गेला. शेवटी केळ्यांचे घड लादलेली सायकल हातानं ढकलत नेणारा एक माणूस आम्हाला मागे टाकून गेला. जाता जाता वळून हसलाही मेला.

“इंजिनच कमजोर घेतलंस,” हे मागून ओरडले.

पुढच्या वळणावर इंजिनातून वाफ यायला लागली तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि खाली उतरून टायरांकडे बघत राहिली. टायर बसलेल्या म्हशीसारखे फुगले होते. मी थर्मासमधला चहा ओतून दिला. तो तिनं उभ्यानंच प्यायला, आणि कपाटाकडे एकदाच पाहिलं.

डोंगरमाथ्यावर, रस्ता समुद्राकडे उतरायला लागतो तिथे, वजनकाटा आहे. पलीकडचा उतार लांबलचक आणि वळणावळणांचा. जड गाड्यांचे ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत, म्हणून प्रत्येक मोठी गाडी आधी काट्यावर घेतात आणि नंतरच खाली सोडतात. लहानशा केबिनमध्ये जाड स्वेटर घातलेला एक साहेब शेंगा सोलत बसला होता. ठकीनं गाडी बरोबर काट्यावर आणून उभी केली. साहेबानं आकडा पाहिला आणि हातातली शेंग खाली ठेवली.

“ताई, आत काय भरलंय? दगड?”

“फर्निचर आहे. बाबांनी केलंय.”

“मग बाबांनी फार केलंय. एवढ्या वजनाची परवानगी नाही तुमच्या गाडीला. माल उतरवा, नाहीतर मागे फिरा.”

माल हा शब्द ऐकला आणि मागचं दार धाडकन उघडलं. हे खाली उतरले.

“माल कुणाला म्हणता? हे काम आहे, काम! जरा आत येऊन बघा.”

“काका, काट्याला दोन्ही सारखंच.”

“लाकूड घनफुटात मोजतात. किलोवर जळण विकतात, जळण!”

साहेब काही वाईट माणूस नव्हता. दिवसभर ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्याचा आवाज सपाट झाला होता, एवढंच. तो म्हणाला, “मग जळण समजून उतरवा. पण उतरवा.”

ह्यांच्या कामाला उभ्या जन्मात असं कुणी बोललं नव्हतं. रंगवलेल्या दाराला बोट लावून पाहणारी, दर पाडून मागणारी गिऱ्हाइकं खूप पाहिली, पण जळण? हे लालबुंद झाले. आधारासाठी वळले ते ठकीकडे.

“सांग गं ह्यांना काहीतरी!”

ठकीनं सांगितलं, पण ह्यांनाच सांगितलं. “साहेबांचं बरोबर आहे, बाबा.”

झालं. हे चालत गेले आणि रस्त्याच्या कठड्यावर दरीकडे तोंड करून बसले. ठकीनं गाडी काट्यावरून काढून बाजूच्या मैदानात लावली. मी दोघांच्या मध्ये. आयुष्यभर मी ह्या दोघांच्या मध्येच आहे, मला त्याचं नवल नाही. थोडा वेळ जाऊ दिला आणि चहा घेऊन कठड्यापाशी गेले.

“घोटभर घेता?”

“नको.”

चहाला नको म्हणाले म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

“तिनं त्याची बाजू घेतली,” हे म्हणाले. “परक्या माणसासमोर.”

“त्याची कसली बाजू? आकडा दिसला तो तिनं वाचला. काटा काय तिचा मामा लागतो?”

“तुला गंमत सुचतेय. तुझं पॉलिशही जाणार त्यात.”

“जाऊ दे. हात शाबूत आहेत माझे.”

“वाईट नाही वाटत?”

“वाटतंय की. बोटांची सालं गेलीत त्या कपाटावर. पण गाडी दरीत गेली तर जास्त वाईट वाटेल, कारण आत मी असेन.”

ह्यावर हे हसले नाहीत. एवढ्यात ठकी आली. ती शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली, हात मागे बांधून.

“बाबा, तुम्ही म्हणालात तर मागे फिरते,” ती म्हणाली. “बाईंना फोन करून सांगते, जमलं नाही म्हणून. पण एवढं वजन घेऊन मी हा उतार उतरणार नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या कुणाला मी उतरू दिलं नसतं.”

“आणि ते कपाट?”

“त्याला मी हात लावणार नाही. तुम्ही केलंय, मी नाही मोडणार ते. काढायचं तर तुम्ही काढा. नाही काढलं तरी मी काही म्हणणार नाही.”

एवढं बोलून ती गेली आणि फडकं घेऊन गाडीची काच पुसायला लागली. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ह्यांना भांडायला तरी मिळालं असतं. भांडणात हे कधी हरत नाहीत. पण तिनं भांडण ठेवलंच नव्हतं. पोरीनं स्वतःची नोकरी, हंगाम, सगळं उचलून ह्यांच्या हातात दिलं होतं आणि वर म्हणत होती, टाकलंत तरी चालेल.

हे बराच वेळ काच पुसणाऱ्या तिच्याकडे बघत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

“खरंच करेल का गं ती फोन?”

“करेल. बोलली की करते ती.”

“मूर्ख आहे.”

“कुणावर गेली?”

हे उठले. पँटची मागची माती झटकली. “माझी पेटी कुठाय?” म्हणाले.

त्या पेटीतून लाकडी हातोडा निघाला तेव्हा मैदानात थांबलेले दोन-तीन ट्रक ड्रायव्हर सहज बघायला आले. त्यांना वाटलं, म्हातारा आता करवत चालवणार, तोडफोड होणार. ह्यांनी कपाटाच्या कोपऱ्यावर एक फळकुट ठेवलं आणि त्यावर हलकेच ठोका दिला. दुसऱ्या बाजूनं एक. लाकडानं आधी दाद दिली नाही, मग सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि जीभ खाचेतून अलगद बाहेर आली. कुठे कपचा नाही, चीर नाही. हे फळी काढायचे आणि माझ्याकडे द्यायचे, मी ती घोंगडीवर ठेवायचे. बघणारे वाढले. कुणीतरी म्हणालं, “आयला, एक खिळा नाही हो!” मग एकानं आत वाकून खाचेत बोट घालून पाहिलं आणि दुसऱ्याला बोलावलं. “आणि ही चकाकी कशाची?” कुणी विचारलं. “पॉलिश माझं,” मी सांगून टाकलं. अशा वेळी मूग गिळून बसणारी मी नव्हे.

मला रडूही येत होतं आणि छाती फुगलीही होती. जे काम घराघरांत भिंतीला पाठ लावून उभं असतं, ते आतून कसं असतं हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ते सगळ्यांनी पाहिलं. मोडतानाच पाहिलं, पण पाहिलं. ठकी सगळ्यांच्या मागे उभी होती. तिनं ठरवल्याप्रमाणे कशालाच हात लावला नाही. पलंगाची शेवटची बाजू निघाली तेव्हा मात्र पुढे आली आणि जड टोकाला खांदा दिला. ह्यांनी देऊ दिला.

गाडी पुन्हा काट्यावर गेली. साहेब म्हणाला, “अजून थोडं आहे.” हे आत गेले, बाक काढला, ओट्याचा वरचा तुकडा काढला. “आता?” साहेबानं मान डोलावली. मग ह्यांच्याकडे पाहत जरा घुटमळला.

“काका, माझ्या घरी एक कपाट करून द्याल?”

“माप आण,” हे म्हणाले. “वजन आणू नकोस.”

एक ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन आमच्याच शहराकडे निघाला होता. त्यानं सगळ्या फळ्या घोंगड्यांत गुंडाळून नीट लादल्या आणि वर्कशॉपमध्ये उतरवून देतो म्हणाला. ह्यांनी त्याला कुठली फळी वर, कुठली खाली हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा मी ह्यांना दंडाला धरून गाडीत आणलं.

मागे आता राखायला काही नव्हतं, म्हणून हे पुढे ठकीशेजारी बसले आणि मी मागे जमिनीवर गादी टाकून. उतार सुरू झाला. हे इतक्या वर्षांत ठकीच्या शेजारी कधी बसले नव्हते. आधी दरीकडे बघत होते, मग रस्त्याकडे, मग तिच्या पायांकडे बघायला लागले.

“ब्रेक का दाबत नाहीस?”

“गिअरवर धरलीय गाडी. ब्रेक सतत दाबला तर तापतो, मग नेमका हवा तेव्हा मिळत नाही.”

“आणि वळणावर?”

“वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. वळणात शिरल्यावर उशीर झालेला असतो.”

पुढच्या वळणाला तिनं वेग आधी उतरवला की नाही हे ह्यांनी नीट पाहिलं. त्याच्या पुढच्यालाही पाहिलं. समोरून भरधाव आलेल्या एका जीपनं आमची बाजू घेतली, तेव्हा ठकी आधीच कडेला सरकून जवळजवळ थांबलेली होती. जीप भुर्रकन निघून गेली. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “हिला कसं कळलं, तो येतोय?” “तिलाच विचारा,” मी म्हणाले. विचारलं नाही. पण चहाचे मळे संपून नारळ लागेपर्यंत, हवा गरम होऊन खारट होईपर्यंत, ह्यांनी एकदाही ‘सावकाश’ म्हटलं नाही.

किनाऱ्यावरच्या पहिल्याच गावात मुक्काम केला. बंगला अजून पुढे होता आणि दाखवायचा दिवस तोंडावर आलेला. गाडी आतून अगदी मोकळी, बोललं तर घुमत होतं. ठकी म्हणाली, “गाद्या टाकून दाखवते. जे आहे ते आहे.” सकाळी उठले तर हे गायब. होडी बांधणाऱ्यांच्या शेडमधून हलक्या लाकडाच्या पट्ट्या खांद्यावर घेऊन आले, मागोमाग हातगाडीवर वेताच्या मोळ्या. वेतकामाला हे आजवर ‘टोपल्या वळणं’ म्हणत आले होते. आता एका टोपल्यावाल्या बाईंनाच सोबत घेऊन आले होते आणि त्यांना ‘अहो बाई, हा वेढा परत दाखवा’ म्हणत होते. आणि मासळीबाजारातून एक हुकाचा वजनकाटा उसना आणलेला. माशांचा वास येत होता त्याला. तो नारळाच्या झाडाला बांधलेल्या दोरीवर टांगला आणि हे जे काही करतील ते आधी त्याला लटकवायला लागले.

दोन दिवस त्या झाडाखाली आमचा कारखाना चालला. हे सांगाडे करत होते, बाई विणत होत्या, मी कडा घासत होते, ठकी गाडीत मापं धरत होती. एका संध्याकाळी पलंग लटकवून ह्यांनी मला हाक मारली.

“हे बघ! पूर्ण पलंग! आकडा बघ किती!”

“किलोत सांगताय?” मी विचारलं.

“गप गं,” हे म्हणाले, पण आकडा परत एकदा मोठ्यानं वाचला.

बंगलेवाल्या बाई दिसायला किरकोळ, पण नजर सोनाराची. गाडीभोवती एक फेरी मारली, आत शिरल्या, पलंगावर सरळ आडव्या झाल्या आणि छताकडे बघत राहिल्या. कप्पे उघडले, नळ सोडला, खिडकीची कडी खालीवर केली. आम्ही तिघं दारात शाळेतल्या मुलांसारखे उभे.

“तू फोनवर कपाट म्हणाली होतीस,” बाई म्हणाल्या.

हे खाली बघायला लागले. ठकी मात्र अडखळली नाही.

“होतं. सुंदर होतं. पण त्याच्यासकट गाडी जड झाली, म्हणून घाटात काढून घरी पाठवलं. जड गाडी मी उतारावर आणत नाही.”

“वाटेत पाहुणे काही म्हणाले तर? घाई कर, रात्रीच उतर, असं काही?”

“तर थांबायचं. गाडी माझ्या हातात आहे तोवर मी ठरवणार.”

बाई उठून बसल्या. पलंगाच्या वेतावर हात दाबून पाहिला. “उद्या सकाळी पाहुणे स्टेशनात उतरतायत,” म्हणाल्या. “घेऊन ये त्यांना.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ठकीनं मान हलवली, जसं काही रोजचंच होतं, आणि बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडली. ह्यांच्या गळ्यात पडायची आमच्याकडे पद्धत नाही. ती नुसती ह्यांच्यासमोर उभी राहिली. ह्यांनी तिच्या हातातली किल्ली घेतली, बघितली आणि परत दिली.

पाहुणे आले म्हणजे पलंग त्यांचा. आम्हाला जागा नाही. “तुम्ही बसनं जा,” ठकीनं सांगून टाकलं आणि पहाटेच डोंगराकडे निघून गेली. स्वतःच्या हातांनी केलेल्या गाडीतून आम्ही उतरलो आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढून बसमध्ये बसलो. ह्यांची वाटभर कुरकुर. खिडकी लागत नाही, सीट डुगडुगते, हा जोड कुणी केलाय. मी खिडकीशी बसले होते आणि वरून येणारी प्रत्येक गाडी बघत होते. वाटेतला मुक्काम उरकून आज ती पाहुणे घेऊन ह्याच रस्त्यानं उतरणार होती. भरल्या गाडीनिशी, एकटी, पहिल्यांदा.

चढाच्या मध्यावर एक अरुंद वळण आहे, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसता खालचा हिरवा रंग. आमची बस त्या वळणात शिरली आणि वरून आमची गाडी येताना दिसली. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असा घाटाचा नियम आहे. ठकीनं गाडी वळणाच्या आधीच थांबवली. एवढ्या उतारावर, भरलेली गाडी, बोटभरसुद्धा पुढे सरकली नाही. आमच्या बसचा ड्रायव्हर इंचाइंचानं बस काढायला लागला. तो स्वतःशीच म्हणाला, “बरी धरलीय गाडी.” ह्यांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लावून एकमेकींना ओलांडायला लागल्या. आतून पाहुण्यांची पोरं नाक काचेला चिकटवून बघत होती. मला राहवेना. मी कोपरापर्यंत हात बाहेर काढला आणि ओरडले, “ठकी! ए ठकी!” पोरांनी हात हलवले. ठकीचे दोन्ही हात चाकावर होते. तिची नजर आमच्या बसच्या मागच्या चाकावर आणि कठड्याच्या कडेवर होती, तिथून ती हललीच नाही. बस पार झाली, तिनं ब्रेक सोडला आणि गाडी सावकाश वळणाआड गेली.

मला जरा लागलंच. “बघितलंसुद्धा नाही हो आपल्याकडे,” मी म्हणाले.

“हात आत घे,” हे म्हणाले, सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “ती कामावर आहे.”